आधी टॉगल तुटला पाहिजे : घरच्या वर्कशॉपमधल्या छोट्या दगड-क्रशरचं प्रकरण

पहिल्या क्रशरने साधारण चाळीस किलो दगड फोडला आणि मग तो स्वतःच फुटला. आवाज फार मोठा झाला नाही. काळा दगड क्रशरच्या दोन पाट्यांच्या जबड्यात फुटतो तेव्हा कडाडतो. हा त्याहून बसका, धातूचा टणका होता. मोटर बंद केली, फ्लायव्हील थांबायची वाट पाहिली आणि जवळ जाऊन बघितलं. उजवीकडचा बेअरिंग ब्लॉक बोल्टच्या भोकातून आरपार चिरलेला. शाफ्ट त्या बाजूने मागे सरकून तिरका झालेला. डावीकडे, स्थिर जबडा बाजूच्या प्लेटला जिथे जोडला होता तिथे वेल्डला वरून खाली बोटभर तडा. आणि जबड्याच्या मधोमध, दोन्हीकडे टोकं रुतवून आडवा बसलेला एक लोखंडी तुकडा. ओरखडाही न उमटलेला.

तो तुकडा खाणीतल्या जॅकहॅमरच्या ड्रिल रॉडचा होता. २२ मिलीचा षटकोनी रॉड, लांबी ४५ मिली. डबराच्या ढिगातून धुळीने माखून आला, मी दगड समजून टाकला. या एका तुकड्याने मला जे शिकवलं ते आधीच्या दोन महिन्यांच्या आकडेमोडीत कुठेच नव्हतं. मी दगड फोडायला किती जोर लागेल याचा हिशेब केला होता. दगड फुटला नाही तर तो जोर कुठे जाईल, हा हिशेब केलाच नव्हता.

क्रशर हवा कशाला होता

ताई कोल्हापुरात मातीची भांडी करते. गॅसची भट्टी आहे, १२८० अंशांपर्यंत जाते. दुकानातून ग्लेझचे, म्हणजे भांड्यांवर चढवायच्या काचेसारख्या थराचे, रंग आणण्याऐवजी इथल्याच काळ्या दगडाचं ग्लेझ करून बघायचं तिच्या डोक्यात होतं. कल्पना चांगली होती. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये निम्म्याच्या आसपास सिलिका असते, लोहाची ऑक्साइडं भरपूर असतात, चुना आणि मॅग्नेशियाही असतात. भट्टीच्या त्या तापमानाला दगडाची बारीक पूड वितळते आणि तपकिरी-काळी काच होते. राख किंवा फेल्डस्पार मिसळून तिची छटा बदलता येते.

पण त्यासाठी पूड मैद्यासारखी हवी, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी. ती बॉल मिलमध्ये, म्हणजे आत गोळे असलेल्या फिरत्या डब्यात, होते. मात्र लहान बॉल मिलला मुठीएवढा दगड चालत नाही. आधी तो नखाएवढा करावा लागतो. ताईने पहिले काही किलो दगड ऐरणीवर घणाने फोडले. तासाभरात दोन किलो, आणि उडालेल्या कपच्यांनी हातावर चरे. रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडणाऱ्या वडार समाजाच्या बायकांनी आणि पुरुषांनी पिढ्यान् पिढ्या हे काम केलं. त्यात किती कष्ट आणि किती कसब होतं ते त्या एका दुपारी आम्हा दोघांना हातांनी कळलं.

"अरे, हे माझ्याने व्हायचं नाही," ताई म्हणाली. "तुझ्या वर्कशॉपमध्ये काहीतरी कर."

एक उपाय जुना आणि खरा आहे: दगड भट्टीत लालबुंद तापवायचा आणि पाण्यात टाकायचा. आतून भेगा पडतात आणि मग तो घणाच्या एका घावात विस्कटतो. गारगोटीला हे फार लागू पडतं, कारण ५७३ अंशांना क्वार्ट्झची रचना बदलते आणि तो एकदम फुगतो. बेसाल्टला तेवढं नाही. शिवाय दर वेळी भट्टी तापवायची म्हणजे गॅस जाळायचा. म्हणून यंत्र.

एक भीती मात्र आधीच दूर झाली. स्टीलचे जबडे झिजले की त्यातलं लोखंड पुडीत मिसळतं. पांढऱ्या ग्लेझला लागणारा फेल्डस्पार किंवा गारगोटी अशा यंत्रात घातली तर ग्लेझवर डाग पडतात. आमच्या दगडातच लोह भरपूर होतं, त्यामुळे थोड्या झिजेने बिघडणार नव्हतं.

जबडाच का

घरगुती दगडफोडीसाठी लोक तीन प्रकारची यंत्रं करतात. सर्वांत सोपं म्हणजे साखळ्यांचं. बंद ड्रममध्ये वेगाने फिरणाऱ्या शाफ्टला जाड साखळ्या बांधायच्या आणि दगड त्यांच्या माऱ्यात टाकायचा. अमेरिकेत छोट्या प्रमाणावर सोनं शोधणाऱ्यांमध्ये हे फार चालतं. वेल्डिंग येणारा माणूस दोन दिवसांत करील. मी ते मुद्दाम टाळलं. मिनिटाला हजारभर फेऱ्यांनी फिरणारी साखळी तुटली तर ती गोळीसारखी जाते, आणि धूळ इतकी होते की घराच्या मागच्या शेडमध्ये ते चालवणं मला पटत नव्हतं.

उरले जबड्याचे दोन प्रकार. अमेरिकेतल्या न्यू हेवन गावात १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला एका रस्त्यावर खडी टाकण्याचं काम एलाय व्हिटनी ब्लेक यांच्या देखरेखीखाली आलं. खडी हाताने फोडली जात होती. तिला पर्याय शोधता शोधता त्यांनी १८५८ साली जबड्याच्या क्रशरचं पेटंट घेतलं. त्यात हलत्या जबड्याची बिजागरी वर आणि जास्त हालचाल खाली. डॉज पद्धतीत उलटं, बिजागरी खाली, त्यामुळे खालची फट कायम राहते आणि खडी एकसारखी निघते. पण बाहेर पडायची वाटच हलत नसल्याने ती चटकन तुंबते. मी ब्लेकच्या कुळातला, आज सगळीकडे दिसणारा प्रकार घेतला: वर एक्सेंट्रिक शाफ्ट (मधला भाग केंद्रापासून मुद्दाम बाजूला असलेला दांडा), त्यावर लटकलेला जबडा आणि खाली त्याला मागून टेका देणारी एकच टॉगल प्लेट. शाफ्टची एक फेरी म्हणजे जबड्याचं एक चावणं.

पहिली रचना आणि तिच्यातल्या चुका

तोंड १५० मिली रुंद आणि ७५ मिली उघडं ठेवलं, म्हणजे ६० मिलीपर्यंतचा दगड आत जाईल. खालची फट १० मिली. मोटर २ हॉर्सपॉवर, सिंगल फेज, मिनिटाला १४४० फेऱ्यांची. घरच्या जोडणीवर चालेल एवढीच. मोटरला ३ इंची पुली, शाफ्टला ९ इंची, म्हणजे ४८० फेऱ्या. एका बाजूला ४०० मिली व्यासाचं, २५ मिली जाडीचं प्लेटमधून कापलेलं फ्लायव्हील. वजन २५ किलोच्या आत-बाहेर.

शाफ्टसाठी ७० मिलीचा ईएन-८ या मध्यम कार्बन स्टीलचा बार घेतला आणि उद्यमनगर या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीत एका जुन्या टर्नर मामांकडे गेलो. मधला भाग ६० मिलीचा, दोन्ही टोकं ५० मिलीची, आणि मधल्या भागाला ४ मिलीचा आऊट, म्हणजे तो केंद्रापासून तेवढा बाजूला. म्हणजे जबड्याला वर ८ मिलीची हालचाल. चार जॉच्या चकमध्ये बार बाजूला सरकवून, डायल लावून आऊट काढायला मामांना अर्धा दिवस लागला. माझ्या हातच्या बॅगेतले बेअरिंग ब्लॉक त्यांनी उचलून पाहिले, तेच, बाजारात कुठेही मिळणारे, पाया असलेले, ५० मिली बोअरचे.

"ह्यो बिडाचा हाय," ते म्हणाले. "वरनं वजन झेलंल. आडवं वढलं की ग्येला."

त्यांचं बोलणं मला ऐकू आलं होतं. पण ब्लॉक आधीच विकत घेतले होते, भार थोडाच असेल असं मनाने धरलं होतं, आणि मी तेच लावले. पुढे जे झालं त्याला ते किंवा ब्लॉक बनवणारे कुणीच जबाबदार नाहीत. पायावर दाबला जाणारा भार झेलण्यासाठी असलेली वस्तू मी पायाला समांतर ढकलणाऱ्या भारासाठी वापरली.

तडा जायच्या आधीच दोन गोष्टी बिघडल्या होत्या. पहिली, दगड जबड्यात बसत नव्हते. वर उसळायचे, खाली सरकायचे, पुन्हा उसळायचे, जणू लाह्याच फुटतायत. कारण कोनात होतं. यंत्र आटोपशीर राहावं म्हणून मी जबड्याची उंची १३० मिलीच ठेवली होती. वर ७५, खाली १०, उंची १३०: दोन जबड्यांमधला कोन साडेसव्वीस अंशांवर जातो. दगड आणि स्टील यांच्यातलं घर्षण दगडाला धरून ठेवू शकेल अशी या कोनाला मर्यादा असते. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर ती साधारण २२-२३ अंश. त्याच्या वर गेलं की जबडा दगड चावण्याऐवजी बोटांतून निसटणाऱ्या चिंचोक्यासारखा उडवतो.

दुसरी गोष्ट वेग. ४८० फेऱ्यांना जबडा मागे जाण्याचा अर्धा फेरा ०.०६ सेकंदांत संपतो. तेवढ्यात मोकळा दगड फार तर १९ मिली खाली पडतो. ३०० फेऱ्यांना ०.१ सेकंद मिळतो आणि पडणं जवळजवळ ५० मिली होतं. वेग वाढवला की उत्पादन वाढेल हा माझा समज होता. प्रत्यक्षात दगड खाली सरकायलाच उसंत मिळत नव्हती, आणि यंत्र मात्र थरथरून शेडभर चालत सुटत होतं.

जोर कुठे गेला

आता त्या तुकड्याकडे येतो, कारण या प्रकरणाचा गाभा तो आहे.

घट्ट बेसाल्टचा ५० मिलीचा दगड दोन बिंदूंमध्ये दाबून फोडायला किती जोर लागतो? दाबाखाली असा दगड साधारण २०० मेगापास्कल सहन करतो, पण जबड्यात तो सपाट पृष्ठभागावर दाबला जात नाही, टोकांवर दाबला जातो आणि आतून ताणाने फाटतो. बिंदुभाराच्या हिशेबाने असा दगड अडीच टनांच्या आसपास फुटतो. एका वेळी तीन-चार दगड अडकले तरी दहा टन. हा आकडा माझ्या वहीत होता आणि तो बरोबरच होता.

वहीत नव्हतं ते फ्लायव्हील. ४८० फेऱ्यांना त्या एका चाकात ६०० ज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा साठलेली असते. दगड आला की चाक त्यातला थोडा भाग देतं, दगड फुटतो, मोटर पुढच्या फेरीत ती भरून काढते. पण न फुटणारी वस्तू आली की चाक सगळीच्या सगळी ऊर्जा तिथे ओततं. जबडा ३ मिलीच्या आत थांबला तर सरासरी जोर वीस टन. १ मिलीत थांबला तर साठ टन. यंत्र जितकं कडक, तितका धक्का मोठा. मी जाड प्लेटांनी ते मजबूत करत होतो, म्हणजे एका अर्थी तो धक्का वाढवतच होतो.

तुकडा जबड्याच्या मधल्या उंचीवर अडकला होता. तिथला भार ढोबळमानाने निम्मा वर शाफ्टच्या बेअरिंगांवर जातो, निम्मा खाली टॉगलवर. माझी टॉगल प्लेट २० मिली जाड, १५० मिली रुंद, ईएन-८ची. आखूड असल्याने ती वाकायचा प्रश्नच नव्हता. शंभर टनही तिने खपवून घेतले असते. वर मात्र बिडाचे दोन ब्लॉक होते. साखळीतली सर्वांत पक्की कडी जिथे सर्वांत कच्ची असायला हवी होती तिथे, आणि सर्वांत कच्ची कडी शाफ्टखाली. जे फुटायचं ते बरोबर फुटलं.

ब्लेकच्या काळापासून मोठ्या क्रशरमध्ये टॉगल प्लेट मुद्दाम कच्ची ठेवतात, बिडाची किंवा मधे भोकं पाडून. लोखंड आलं की ती मोडते, बाकी यंत्र वाचतं. मी हे वाचलं होतं. पण त्याकडे मोठ्या खाणीतल्या यंत्राची सोय म्हणून पाहिलं, घरच्या यंत्राला त्याची काय गरज, असं धरून चाललो. खरं तर उलट आहे. खाणीत शाफ्ट मोडला तर दुसरा येतो. माझ्याकडे अर्धा दिवस डायल लावून काढलेला एकच शाफ्ट होता, आणि तो वाकला नाही हे नशीब.

फ्रेमच्या तड्याचं कारण वेगळं निघालं. बाजूच्या प्लेटा १० मिलीच्या होत्या. ताण सहन करायला त्या पुरेशाहून जास्त होत्या. त्या ओढल्या जाऊन तुटल्या नाहीत. स्थिर जबड्याची १२ मिलीची प्लेट दाबाखाली मधे फुगली, तिच्या कडा वळल्या आणि कोपऱ्यातला वेल्ड पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखा उघडला. वेल्डही मी रोजच्या कामाच्या ६०१३ वेल्डिंग रॉडने आणि फक्त बाहेरून केला होता.

दुसरी रचना

फ्रेम नव्याने केली. बाजूच्या प्लेटा १६ मिली, स्थिर जबड्याची पाठ २५ मिली, आणि तिच्या मागे उभ्या दोन फासळ्या, म्हणजे ती फुगणार नाही. कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी खाच करून जास्त पक्का वेल्ड देणारे ७०१८ रॉड वापरले. हे रॉड ओल धरतात, म्हणून ताईच्या भट्टीच्या उरलेल्या उष्णतेत सुकवून घेतले.

बेअरिंग ब्लॉक बदलले. ४० मिली जाडीच्या प्लेटचे दोन ठोकळे मामांकडून ९० मिलीचं बोअर करून घेतले. आत २२२१० नंबरची स्फेरिकल रोलर बेअरिंगं. जबड्याच्या नळीतही ६० मिलीची, २२२१२ची जोडी. मात्र खरा बदल बेअरिंगमध्ये नाही, ठोकळा बसवण्यात आहे. बाजूच्या प्लेटेला वरून यू-आकाराची खाच केली आणि ठोकळा तिच्यात बसवला, मागून त्याला प्लेटेचाच खांदा. आता आडवा जोर बोल्टवर येत नाही, खांद्यावर येतो. बोल्ट फक्त ठोकळा वर उचलला जाऊ नये म्हणून. मामांनी खाच पाहिली आणि पहिल्यांदाच मान डोलावली.

जबड्याची उंची १३० वरून २०० मिली केली. कोन १८ अंशांवर आला. दगड उसळायचं त्या दिवशीच थांबलं, गुळगुळीत जबड्यावरही.

शाफ्टची पुली १४ इंची केली, वेग साधारण ३०० वर आणला. वेग उतरला की एका चाकाची ऊर्जा कमी होते, म्हणून दुसऱ्या बाजूला तसंच दुसरं चाक लावलं. दोन्ही मिळून पाचशे ज्यूलच्या आसपास. ३०० फेऱ्यांना २ हॉर्सपॉवरची मोटर एका फेरीत ३०० ज्यूल देते, म्हणजे चाकांतली शिल्लक जेमतेम पावणेदोन फेऱ्यांची. एवढी पुरते.

आणि टॉगल. तो तीन पदरी केला: मधे एक प्लेट पुढच्या टोकाची, तिच्या दोन्ही अंगांना दोन प्लेटा मागच्या टोकाच्या, आरपार दोन बोल्ट. दोन्ही बाजूंनी पदर असल्यामुळे भार सरळ रेषेत राहतो, टॉगल वाकत नाही. बोल्ट मुद्दाम साधे, ४.६ ग्रेडचे, १० मिलीचे. कापणाऱ्या रेषेत आटे येणार नाहीत असे, गुळगुळीत दांडीचे. प्रत्येक बोल्ट दोन ठिकाणी कापला जायला हवा, म्हणजे एकूण चार काप. एक काप पावणेदोन ते दोन टनांचा, चार मिळून साडेसात टनांच्या आसपास. जबड्याच्या मध्यावर ते पंधरा टनांच्या जागी येतं: दगडाच्या दहा टनांना पुरून उरेल आणि फ्रेमला धोका होण्याआधी सुटेल. कुणी कौतुकाने दुप्पट ताकदीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट घातले तर सगळा हिशेब दुप्पट होऊन पुन्हा शाफ्टवर येईल. म्हणून हे बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवलेत आणि डब्यावर रंगाने लिहिलंय.

बोल्ट कापले गेले की टॉगल दुर्बिणीसारखा आत सरकतो आणि जबडा मागे जातो. तो लटकून खाली पडू नये म्हणून मागून एक ताणाचा रॉड, त्याला मोटारसायकलच्या शॉकअपची स्प्रिंग. तीच स्प्रिंग एरवी जबडा टॉगलवर टेकवून ठेवते. ती सैल असेल तर प्रत्येक फेरीला खटखट ऐकू येते.

याची एक मर्यादा सांगायलाच हवी. लोखंड अगदी वरच्या तोंडाशी, शाफ्टच्या जवळ अडकलं तर भार जवळजवळ सगळा बेअरिंगवर जातो आणि टॉगलला त्याची खबरच लागत नाही. तिथे वाचवतो तो फक्त पट्टा, घसरून. म्हणून पट्टा गच्च ताणायचा नाही, आणि प्रत्येक दगड टाकण्याआधी त्यावरून जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवायचं. बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइटमुळे दगडही चुंबकाला किंचित ओढ देतो, पण लोखंडाची ओढ हाताला लगेच वेगळी कळते.

जबड्याचे पाटे

पहिल्या वेळी जबड्याला साधी एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलची, प्लेट होती. चाळीस किलोतच तिला खड्डे पडले आणि दगडाच्या कपच्या तिच्यात रुतल्या. क्रशरसाठी नावाजलेलं मॅंगनीज स्टील आहे, रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ साली शोधलेलं, १२ टक्क्यांच्या आसपास मॅंगनीजचं. ठोके खाऊन ते वरून कडक होत जातं आणि आतून चिवट राहतं. पण त्याला ड्रिल लागत नाही, लेथवर ते कापायला निघालं की हत्यारासमोरच कडक होतं. ते ओतीवच घ्यावं लागतं. माझ्या मापाचा तुकडा मिळाला नाही.

भंगारातून ट्रकचे कमानपाटे आणले, ७५ मिली रुंद आणि १२ मिली जाड. दोन शेजारी ठेवले की बरोबर १५० मिली. ते वाकडे असतात, म्हणून भट्टीत लाल करून ऐरणीवर सरळ केले. तसं केलं की त्यांचा कडकपणा जातो. तो परत आणायला भट्टीत ८६० अंशांना तापवून तेलात बुडवले आणि मग ४५० अंशांना दीड तास ठेवून थोडे नरमावले. शेवटची पायरी गाळली तर पाटा काचेसारखा राहतो आणि पहिल्याच दगडाला तडकतो. तेलात बुडवताना ज्वाळ हातभर उठली. हे काम उघड्यावर, झाकण असलेल्या लोखंडी डब्यात, लांब चिमट्याने आणि दोघांनी मिळूनच करावं. एकट्याने अजिबात नको.

पाट्यांना भोकं पाडली नाहीत. जबड्याच्या तळाशी ओठासारखी पट्टी, वरून पाचर, आणि मागे एपॉक्सीचा पातळ थर, म्हणजे पाटा पोकळ जागी टेकून मोडणार नाही. जुन्या मोठ्या क्रशरमध्ये याच कामासाठी मागे वितळलेलं जस्त ओतत असत.

धूळ, आवाज आणि हात

बेसाल्टमध्ये मोकळा क्वार्ट्झ फारसा नसतो, त्यामुळे ग्रॅनाइट किंवा गारगोटीच्या मानाने त्याची धूळ कमी घातक. पण आपल्या दगडाच्या पोकळ्यांत क्वार्ट्झ, कॅल्सेडनी आणि झिओलाइटचे खडे भरलेले असतात. सह्याद्रीत फिरलेल्या कुणालाही ते पांढरे डोळे माहीत आहेत. फुप्फुसात एकदा बसलेली सिलिकाची धूळ परत निघत नाही. म्हणून दगड आधी धुऊन ओला, जबड्यावर ठिबकचा एक थेंबनळ चालू, नाकावर एन-९५ मास्क, आणि शेड कधीही झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ताईला ग्रॅनाइट किंवा गारगोटी लागलीच तर ताई ती दळलेलीच विकत आणते. त्यासाठी हे यंत्र नाही.

दोन्ही चाकं आणि पट्टा जाळीने पूर्ण झाकलेत. तोंडावर वाकडी नळी आहे, तिच्यातून दगड जातो, हात जात नाही. मोटर बंद केल्यावरही चाकं कितीतरी वेळ फिरत राहतात आणि त्या वेळी आवाज इतका कमी असतो की यंत्र थांबलंय असंच वाटतं. अडकलेला दगड काढायला मी दोनदा हात पुढे केला होता. दोन्ही वेळा ताईने ओरडून थांबवलं. आता नियम एकच: फ्लायव्हीलवर मारलेली पांढरी रेघ स्थिर दिसेपर्यंत जाळी उघडायची नाही. सुरू करताना जबडा रिकामा असलाच पाहिजे, नाहीतर सिंगल फेज मोटर दोन जड चाकांसह दगडावर उठू शकत नाही आणि तिचं वाइंडिंग जळतं. शेजाऱ्यांशी बोलून सकाळी दहा ते एक ही वेळ ठरवली आहे.

यंत्र आता काय देतं

दगड फोडायला-दळायला किती ऊर्जा लागते याच्या बाँड यांच्या १९५२च्या सूत्राने हिशेब केला तर बेसाल्टला, ६० मिलीवरून १० मिलीवर आणायला, टनामागे जेमतेम सव्वा युनिट वीज पुरायला हवी. म्हणजे माझी दीड किलोवॉटची मोटर तासाला टनभर दगड फोडू शकते. प्रत्यक्षात तासाला नव्वद-शंभर किलो निघतात. मोटर बहुतेक वेळ रिकामी फिरते, कारण एकेक दगड हाताने आणि चुंबक फिरवून टाकला जातो. आम्हाला एका वेळी वीस किलो लागतात. वेग वाढवायचं कारण नाही.

निघालेली खडी ६ मिलीच्या चाळणीवर टाकतो. वर राहिलेली फट कमी करून पुन्हा एकदा जाते. टॉगलच्या मागच्या बैठकीत पातळ पट्ट्या घालून फट बदलते.

दुसऱ्या रचनेतून साडेतीनशे किलो दगड गेल्यावर एका सकाळी जबडा एकदम मोकळा पडला. चाकं चालू, पट्टा चालू, पण दगड फुटेना. बंद केलं, पांढरी रेघ थांबली, जाळी उघडली. जबड्यात घणाच्या डोक्याचा अंगठ्याएवढा कपचा होता, आमच्याच घणाचा, आदल्या दिवशी मोठा डबर फोडताना उडालेला. दगडाच्या भेगेत बसला होता म्हणून चुंबकाच्या ओढीत वेगळा जाणवला नाही. टॉगलचे दोन्ही बोल्ट चार ठिकाणी सुरीने कापल्यासारखे स्वच्छ कापले गेले होते. डायल लावून शाफ्ट तपासला, आऊट चारच मिली. ठोकळे खांद्याला घट्ट, वेल्ड कोरे. डब्यातून दोन नवे बोल्ट घेतले, टॉगल परत ओढून लावला, आणि पंचवीस मिनिटांत ताई पुढचा दगड धूत होती.

पाटे तळाशी दीड मिलीने झिजलेत, वर जवळपास नाहीत. पुढच्या महिन्यात ते काढून उलटे लावणार आहे.